सरनदीबमध्ये शिकलेली इजाजत

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही श्रीलंकेला जाऊन आलो. आम्ही म्हणजे घरातले चौघे: आम्ही नवरा-बायको, नववीत गेलेली लेक आणि अम्मी. शिक्षकाच्या पगारात परदेशवारी ही मोठी उडी असते. त्यासाठी दोन वर्षे भिशी लावली होती. लेकीने आपली ईदी त्यात घातली आणि अम्मींनी कपाटातला एक जुना लिफाफा न मोजता आमच्या हातात ठेवला. अम्मींचा उमराह आधी झाला होता. आता एकच इच्छा उरली आहे, असे त्या म्हणायच्या. सरनदीबचा डोंगर एकदा डोळ्यांनी पाहायचा.

सरनदीब हे श्रीलंकेचे अरबांनी ठेवलेले जुने नाव. हजरत आदम अलैहिस्सलाम जन्नतमधून जमिनीवर आले ते या बेटावरच्या एका डोंगरावर, अशी जुनी रिवायत आहे. अम्मींच्या अब्बांनी त्यांना लहानपणी ती सांगितली होती. आम्ही शिकवायच्या सवयीने अम्मींना सांगितले की, कुरआनात या जागेचे नाव आलेले नाही, ही फक्त लोकांमध्ये चालत आलेली गोष्ट आहे. अम्मी म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. पण डोंगर तर आहे ना?"

डोंगर तर आहेच. त्याची उंची 2,243 मीटर. इंग्रजीत त्याला अॅडम्स पीक म्हणतात, सिंहली लोक श्रीपाद म्हणतात. माथ्यावरच्या खडकात पावलासारखा खळगा आहे. बौद्ध तो गौतम बुद्धांचा मानतात, हिंदू शिवाचा, आणि आपल्याकडची रिवायत हजरत आदम यांचे नाव घेते. इब्न बतूता 1344 साली या बेटावर आला तेव्हा तोही हा डोंगर चढून गेला होता. एकाच पायवाटेने इतक्या धर्मांची माणसे वर जातात, अशी जागा जगात क्वचितच असेल.

आम्ही मात्र वर गेलो नाही. पायऱ्या पाच हजारांहून अधिक आहेत आणि अम्मींचे गुडघे आमच्या घराचा जिनाही कुरकुरत चढतात. त्यांना एकटे खाली ठेवून वर जावेसे कुणालाच वाटेना. पायथ्याच्या गावात एका साध्या खोलीत उतरलो. डिसेंबरपासून मेमधल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम असतो, त्यामुळे रात्रभर वाटेवर दिवे होते. अंधारात डोंगर दिसत नव्हता, नुसती दिव्यांची नागमोडी रेघ आकाशात चढत गेलेली दिसत होती. अम्मींनी फजरची नमाज व्हरांड्यात अदा केली आणि जानमाज न गुंडाळता तशाच बसून राहिल्या. हळूहळू उजाडले. आधी सुळका दिसला, मग त्याच्या अंगावरचे दाट रान. सिंहलीत याच डोंगराला समनल कंद, म्हणजे फुलपाखरांचा डोंगर असेही म्हणतात. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इथे येऊन माणसाला एकटे वाटले नसेल. किती झाडे आहेत!"

वाचकहो, श्रीलंका हा देश आकाराने लहान आहे. क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा. पण एवढ्याशा जागेत अल्लाहने काय काय भरले आहे! सकाळी समुद्रकिनाऱ्यावर घामाघूम व्हावे आणि संध्याकाळी डोंगरात स्वेटर घालावा. नैर्ऋत्येला बारमाही ओले जंगल आहे, मध्यभागी चहाचे मळे आणि धुके, आग्नेयेला काटेरी झुडपांचे कोरडे रान. आपला सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जगातल्या अत्यंत समृद्ध जैवविविधतेच्या प्रदेशांमध्ये एकत्र मोजले जातात, आणि ते पदोपदी पटते. आम्ही कोकणातली माणसे. फणस, जांभूळ, सुपारी, काळी मिरी पाहून घराजवळच कुठेतरी आहोत असे वाटे. माशाच्या कालवणात आंबटपणासाठी काळपट सुकवलेल्या फोडी होत्या. अम्मींनी एक चाखली आणि निकाल दिला, "हे आमसुलाचे भाऊबंद." त्या फोडींचे नाव गोरका, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने अम्मींचा निकाल अगदी बरोबर आहे.

डोंगरातून आम्ही हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानात गेलो. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असे हे गवताळ पठार आहे. फाटकावर कर्मचाऱ्यांनी पिशव्या उघडायला लावल्या. आत प्लॅस्टिक न्यायला बंदी आहे. आमचे बिस्किटांचे पुडे आणि अम्मींची घरून आणलेली चिक्की, सगळ्यांची वेष्टने तिथेच उतरवली गेली आणि चिक्की कागदात बांधून परत मिळाली. लेकीला हसू आवरेना. आम्हाला मात्र शाळेची सहल आठवली. आपण जिथे जेवायला बसतो, तिथून उठल्यावर काय अवस्था असते तेही आठवले.

तिथे 'वर्ल्ड्स एंड' नावाचा कडा आहे. जमीन एकाएकी संपते आणि खाली सुमारे 870 मीटरची दरी. ते दृश्य पाहायचे तर भल्या पहाटे निघावे लागते, कारण नऊ-दहानंतर धुके चढते. आमचा नाश्ता लांबला. चार-साडेचार किलोमीटर चालून कड्यावर पोहोचलो, तर समोर पांढरी भिंत! दरी नाही, काही नाही. परत आलो तर अम्मी फाटकाजवळच्या बाकावर खुशीत बसलेल्या. त्यांच्या समोर भले मोठे शिंगांचे सांबर तासभर चरत होते. "तुम्ही इतके लांब कशाला गेलात?" एवढेच त्यांनी विचारले.

यानंतर चहाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या आगगाडीने आम्ही एल्ला या गावी उतरलो आणि तिथून खाली मैदानात, याला राष्ट्रीय उद्यानाकडे गेलो. आता जे सांगायचे आहे ते सांगताना संकोच वाटतो, पण ते सोडून दिले तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

याला हे बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही. जंगलाचा सर्वांत मोठा शिकारी बिबट्याच. त्यामुळे आपल्याकडच्या बिबट्यासारखा तो लपूनछपून राहत नाही, दिवसाढवळ्याही दिसतो. जगात बिबट्यांची सर्वाधिक दाटी असलेल्या जागांमध्ये यालाचे नाव घेतात. लेकीने शाळेतल्या मैत्रिणींना बिबट्याचा फोटो कबूल केला होता. आम्हीही आतून तेवढेच उतावीळ होतो. इतका पैसा घालून आलो आहोत, तर दिसलाच पाहिजे! पहाटे जीपमध्ये बसताना आम्ही ड्रायव्हरला सांगितले, "बिबट्या दाखवलात तर ठरल्यापेक्षा दोन हजार रुपये जास्त देऊ." श्रीलंकेचे दोन हजार म्हणजे आपले पाच-सहाशे. रक्कम लहानच होती.

त्या वाक्यानंतर जंगल बदलले. ड्रायव्हर कुठे थांबेना. पाणवठ्यावर चित्रबलाक उभे होते, ओल्या चिखलात मगर पसरली होती, एका मोराने पिसारा पूर्ण उभारला होता. सगळे डोळ्यांपुढून सुटत गेले. लेक वहीत पक्ष्यांची नावे टिपत होती. ती दोनदा म्हणाली, "थांबा ना, जरा थांबा ना." आम्हीच म्हणालो, "आधी बिबट्या, मग बाकीचे." तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याने गाडी अशी पिटाळली की, अम्मींची पाठ दोनदा मागच्या दांडीवर आदळली. धुळीने तोंड भरले.

पोहोचलो तेव्हा वीस-पंचवीस जीप आधीच खेटून उभ्या होत्या. पालूच्या झाडावर, ज्याला आपण खिरणी म्हणतो, बिबट्या आडवा पसरला होता. एक पाय खाली लोंबत होता आणि शेपटीचे टोक तेवढे हलत होते. सुब्हानल्लाह, काय देखणे जनावर! आम्ही फोटो काढला. सगळ्यांनीच काढला. मागच्या गाड्या पुढे घुसू लागल्या, इंजिने गुरगुरू लागली, कुणीतरी शीळ घातली. बिबट्या उठला, खाली उतरला आणि वाटेच्या कडेला आला. त्याला पलीकडे जायचे होते. तो दोन पावले पुढे आला, समोर जीप. मागे फिरला, गवतातून थोडा पुढे जाऊन पुन्हा आला, तिथेही जीप. आमचीच.

लेक म्हणाली, "अब्बा, त्याला जायचंय. आपण वाटेत आहोत."

आम्ही ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितले. त्याने मान वळवून दाखवले. मागे सात-आठ जीप होत्या. घाईघाईत शिरलो होतो, पण आता निघायला वाट नव्हती. दहा-पंधरा मिनिटे ते जनावर आपल्याच घरात इकडून तिकडे फिरत राहिले आणि शेवटी गवतात दडी मारून बसले. अम्मींनी दुपट्ट्याने तोंड पुसले. त्या हळूच म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला काय शिकवले होते? कुणाच्या दारात गेलात तर आधी सलाम करा, इजाजत मागा. नाही मिळाली तर मुकाट्याने परत फिरा. त्याच्या घरात आपण कसे शिरलो?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. वर्गात आम्ही दरवर्षी 'प्राण्यांवर दया' या विषयावर निबंध लिहून घेतो. चांगल्या निबंधाला शाबासकी देतो. इथे दोन हजार रुपयांचे आमिष आम्हीच दाखवले होते.

बाहेर आल्यावर ड्रायव्हरला ते पैसे दिले. त्याने आम्ही सांगितले तेच केले होते, त्यामुळे ते देणे लागतच होतो. आम्ही काहीसे अवघडून म्हणालो की, एवढी घाई नको होती. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "प्रत्येक पाहुणा बिबट्याच मागतो. नाही दिसला तर माझ्यावर चिडतो. पुढच्या वेळी दुसऱ्याची गाडी घेतो." त्याच्याही घरी शाळेत जाणारी मुले होती.

दुसऱ्या दिवशी उडावलवेला गेलो. तिथे हत्तींच्या अनाथ पिल्लांचे आश्रयस्थान आहे. ते 1995 मध्ये सुरू झाले. आई मेलेली, विहिरीत पडलेली, फासात अडकलेली पिल्ले इथे आणतात, वाढवतात आणि मोठी झाली की पुन्हा जंगलात सोडतात. आजवर शंभराहून अधिक सोडली आहेत. ठरावीक वेळी दूध पाजतात तेव्हा लोकांना पाहता येते, पण दुरून, कठड्यामागून. हात लावायचा नाही, खायला द्यायचे नाही. फाटक उघडताच पिल्ले धावत आली. नरसाळ्याला जोडलेल्या नळीतून दूध सुरू झाले. एक लबाड पिल्लू आपला वाटा संपवून पुन्हा रांगेत घुसत होते, थेट आमच्या वर्गातल्या खिचडीच्या रांगेसारखे. अम्मींचा जीव त्यांना कुरवाळायला आसुसला होता. "एकदा हात फिरवला तर काय बिघडते?" तिथला माणूस म्हणाला, "माणसाची सवय लागली तर ते परत जंगलात जगणार नाही."

हे कळायला अम्मींना अवघड गेले नाही, पण पचायला गेले. उडावलवेच्या रस्त्याकडेला विजेचे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे काही हत्ती येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहत उभे असतात. लोक त्यांना फळे टाकतात. अम्मींच्या हातात केळी होती. दारात आलेला कुणी उपाशी परत जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा रिवाज. आमची गाडी थांबली आणि लेकीने त्यांचा हात धरला. "दादीजान, याला रस्त्याची सवय लागली तर हा एक दिवस गावात शिरेल आणि लोक त्याला मारतील." श्रीलंकेत माणूस आणि हत्ती यांच्या झगड्यात दरवर्षी शेकडो हत्ती मरतात, माणसेही मरतात. शेत हत्तीच्या वाटेवर आहे आणि शेतकऱ्याचे पोट शेतावर. कुणाला दोष देणार? अम्मींनी केळी परत मांडीवर घेतली आणि मुक्कामापर्यंत तशीच धरून ठेवली. देणे म्हणजे नेहमी सवाबच, असे आपण धरून चालतो. एखाद्याला न देणे हीच त्याच्यावरची मेहरबानी असते, हे सत्तरीत शिकणे सोपे नाही.

त्या संध्याकाळी उडावलवेच्या जंगलात शिरताना आम्ही नव्या ड्रायव्हरला सुरुवातीलाच ठरलेल्या पैशांवर थोडे जास्त देऊन टाकले आणि म्हणालो, "काही दिसो वा न दिसो, हे तुमचे. आम्हाला घाई नाही. तुम्हाला जिथे बरे वाटेल तिथे थांबा." तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग एका मोकळ्या जागी त्याने इंजिन बंद केले. जलाशयात बुडून वाळलेली झाडे उभी होती आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत होते. थोड्या वेळाने हत्तिणींचा कळप गवत खात खात आमच्याकडे सरकला. आम्ही तिथे जवळजवळ पाऊण तास होतो. हत्तीण सोंडेने गवताची जुडी उपटते आणि तोंडात घालण्याआधी पायावर आपटून माती झटकते, हे आम्ही पुस्तकातही वाचले नव्हते. तो फट् फट् आवाज आणि आईच्या पोटाखालून डोकावणारे पिल्लू. लेकीची वही चार पाने भरली. बिबट्या पाहून आम्हाला इतका आनंद झाला नव्हता.

शेवटचा मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर होता, रेकवा गावाजवळ. जगातल्या सात प्रकारच्या समुद्री कासवांपैकी पाच प्रकार श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हिवाळा-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक जातात. इथे रात्री अंडी घालायला येणाऱ्या मादीची वाट पाहायची. फोन बंद, दिवा नाही, वाळूत गप्प बसायचे. वाटाड्याकडे तेवढा मंद लाल दिवा. मादी खड्डा खणून अंडी घालू लागली की मगच, मागच्या बाजूने, थोडा वेळ जवळ जाता येते. त्याआधी तिला चाहूल लागली तर ती परत जाते.

आम्ही इशा तिथेच वाळूवर पढली. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराच्या सुमारास लाटेतून काहीतरी काळे वर सरकले. एखादी उलटी होडी कुणी ओढत आणावी तसे. हळूहळू, थांबत थांबत ते वाळूवर चढले. आम्ही श्वास धरून बसलो. मादीने थोडी वाळू उकरली, थांबली, पुन्हा उकरली. मग वळली आणि आली तशी समुद्रात निघून गेली. वाळूवर येण्याचा एक आणि जाण्याचा एक, असे दोन पट्टे उरले. वाटाड्या म्हणाला, असे होते कधी कधी, जागा पसंत पडली नसेल. उद्या येईल, नाहीतर पलीकडच्या किनाऱ्यावर जाईल.

लेकीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी रात्री विमान होते. अम्मी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चला," त्या म्हणाल्या, "इजाजत मिळाली नाही. परत फिरायचे." आणि त्या पुढे चालू लागल्या. त्या पट्ट्यांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. श्रीलंकेत दहा जणांत जवळपास एक मुसलमान आहे, त्यामुळे मशिदी आणि हलाल जेवण शोधावे लागत नाही. तिथले आपले भाऊ बहुतेक तमिळ बोलतात. मोठ्या ताटाभोवती, ज्याला ते सवान म्हणतात, सहा-सहा जण एकत्र बसून जेवतात. गूळ, नारळाचे दूध आणि अंड्यांचे वट्टलप्पम मिळाले तर सोडू नका. डोंगरासाठी एक गरम कपडा ठेवा. निळे देवमासे पाहायचे असतील तर दक्षिण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. सिंहराजाच्या पावसाळी जंगलात जायला आम्हाला वेळ मिळाला नाही, तुम्ही तो ठेवा. जळवांची तयारी मात्र हवी. आणि जीपमध्ये बसण्याआधी ड्रायव्हरला काय सांगायचे, ते घरूनच ठरवून जा.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बिबट्या पाहिला का?" पाहिला म्हणालो. फोटो दाखवा म्हणाले. फोटो फोनमध्ये आहे, चांगला स्पष्ट आला आहे. नीट पाहिले तर बिबट्याच्या मागे, गवताच्या वर, जीपच्या टपांची रांग दिसते. आम्ही तो फोटो दाखवला आणि मुलांना विचारले, "यात कोण कुणाच्या घरात आहे?" वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरून एकाने हात वर केला.